तव्यावरची मिरची

माय, तुला जाऊन सोळा वर्षं झाली. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं म्हणून आज तुला लिहायला बसले.

नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर तू दिवसभर मिरचीचे देठ खुडायचीस. जळजळती बोटं घेऊन घरी यायचीस, आणि आज तुझ्याशी बोलायचं की नाही ते मी तुझ्या पावलांवरून ओळखायचे. आठ वर्षांची होते, माझ्या हातून दूध सांडलं. तू दार लावलंस, तापल्या तव्यावर मिरच्या टाकल्यास आणि मान धरून माझं तोंड धुरावर नेलंस. "आते परत सांडशी का? बोल!" मला श्वासच येत नव्हता, बोलणार कुठून? नंतर तूच माझे डोळे धुतलेस. मांडीवर घेऊन म्हणालीस, "मन्ही मायनी मले असंच वळण लावं." ती मांडी मी माया म्हणून जपून ठेवली, धुरासकट.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या हातून वरणाचं पातेलं कलंडलं. मी ओरडत नाही. दार लावते, गॅसवर तवा ठेवते. माझी बोटं तिच्या मानेवर आहेत, खाली तिची शीर धडधडते आहे. मिरचीच्या डब्याचं झाकण एका हाताने निघेना, म्हणून तेवढ्यावर राहिलं. मला दया आली म्हणून नव्हे.

बाईंनी विचारलं, "राग अंगात आधी कुठे कळतो?" मी म्हटलं, बोटांत. "मग बोटं तापली की खोलीबाहेर पडा. दहा श्वास सावकाश सोडा." सोसलेलं कधी बोललं नाही, तर ते हातातून बाहेर येतं, असंही म्हणाल्या. दोनदा जमलं. परवा तिसऱ्यांदा दाराबाहेरच्या ओट्यावर उभी राहून दहा मोजले आणि परतले, तर दार आतून लावलेलं. मुलीने उघडलं. गॅसवर तवा तिनेच ठेवला होता.

"मम्मी, मान धरशी का?"

नाही म्हणाले. तिला ते पटलं नाही. ती माझ्या हातांकडेच बघत राहिली.

उद्या बाईंना पत्र दाखवायचं आहे. तुझं सगळं त्यांना सांगितलं आहे, माय. मी मात्र नुसती ओरडते, एवढंच त्यांना ठाऊक आहे. त्यांना दाखवायला मी दुसरंच पत्र लिहून ठेवलं आहे.