थांब म्हटल्यावर

आबा, तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली की आपल्या त्या कुत्र्याची आठवण माझ्याशिवाय फार तर भावाला असेल. अक्षर लागलं नाही तर रागावू नका, तिसरीतून मला काढलंत ते तुम्हीच. कुत्रा तुम्ही काजूच्या बागेत माकडांवर ठेवला होता, आणि त्याला शिकवायच्या आधी आम्हालाच शिकवायला घेतलंत. पडवीत आईला, भावाला आणि मला ओळीने उभं केलंत. "तेका थांबवूचा झाला तर 'थांब' इतकाच म्हणूचा. सगळ्यांनी. तू एक सांगतंस, तो दुसरा सांगता, मगे त्या मुक्या जनावरान कोणाचा आयकूचा?" आई पदराआड हसली. मी तर शेजारणीला जाऊन सांगून आले, आमच्या आबांनी कुत्र्यापायी शाळा काढल्यानी. मग एक दिवस तो शेजाऱ्यांच्या कोंबड्यांवर धावला. तुम्ही "थांब" म्हणून ओरडलात, तो थांबला नाही. दोन कोंबड्या मेल्या. तुम्ही भावाकडे वळलात, कारण दिवसभर कुत्र्याबरोबर हुंदडायचा तोच. "तूच बिघडवलंस तेका." आठवड्याभरात कुत्रा बांद्याच्या पाहुण्यांकडे गेला. भाऊ दोन दिवस जेवला नाही.

आता माझ्या घरातही कुत्रा आहे. आणला मुलाने, पण त्याचं सगळं करते नात, सातवीतली. तिने फ्रिजवर कागद चिकटवला: बस, थांब, ये, सोड. खाली लिहिलं, सगळ्यांनी हेच शब्द बोलायचे. त्याच्याखाली आणखी मोठ्या अक्षरात, आजीने पण. सून आधी त्याला 'स्टॉप स्टॉप' करायची, मुलगा नुसती शिट्टी मारायचा, दोघंही सुधारली. मी म्हटलं, "कुत्र्याक आता बोर्डाच्या परीक्षेक बसवतंस काय गो?" ती म्हणाली, "हस तू. पण थांब म्हटल्यावर तो थांबाकच होयो, आजी. समोर रस्तो आसा."

रस्ता आहेच. मासेवालीची स्कूटर पलीकडे फणसाखाली लागते. मी ताट घेऊन रस्ता ओलांडते, कुत्रा माझ्या मागून येतो. घरात ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने "थांब" म्हणायचे आणि कापून मिळालेलं बांगड्याचं डोकं त्याच्यापुढे धरायचे. रोज. मासेवाली हसायची, मलाही गंमत वाटायची. कागद लावते नात, पण जनावर धावतं माझ्यामागे. त्यात मिरवण्यासारखं काय होतं?

गेल्या महिन्यात मी अशीच फणसाखाली उभी होते. नात कुत्र्याला घेऊन फाटकात. वळणावरून टेम्पो आला. तिने तो बघितला आणि सगळा जीव घशात आणून ओरडली, "थांब!" ते ऐकलं आणि कुत्रा रस्त्यात सुटला, सरळ माझ्याकडे, माझ्या हाताकडे बघत. जीव वाचला, मागचा एक पाय गेला.

नात अजून म्हणते, "माझाच चुकला, आजी. माका तेका नीट शिकवूक जमला नाय." मी काय म्हटलं? "जाऊंदे गो." आणि बांगडे साफ करत राहिले. तिने फ्रिजवरचा कागद फाडून टाकला. मुलगा म्हणतो, न ऐकणारा कुत्रा रस्त्याकडेच्या घरात नको. कसालचे ओळखीचे रविवारी येऊन नेणार आहेत. परवा अंगणात तिने त्याला अगदी हळू आवाजात "थांब" म्हणून पाहिलं. तो तीन पायांवर उड्या मारत तिला ओलांडून माझ्याकडे आला आणि माझी मूठ हुंगायला लागला. मूठ रिकामी होती. नातीने आधी मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू तेका कायतरी घालतंस, आजी?"

"नाय गो," मी म्हटलं. या वयात. बारा वर्षांच्या पोरीला.

तुम्ही असतात तर पडवीत उभं करून मला झापलं असतंत, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले असं मी मघापासून स्वतःला सांगतेय. तेही खोटंच. मेलेल्या माणसापुढे कबूल करायला सोपं पडतं, तो वर मान करून बघत नाही. हा कागद कुठे जायचा नाही. आज शुक्रवार. नात आतल्या खोलीत कुत्र्याला मांडीवर घेऊन बसली आहे. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा उठायच्या आधी एवढं तुम्हाला सांगते. भावाने तुमच्या कुत्र्याला कधी काही घातलं नव्हतं, आबा. टोपाच्या बुडाची भाताची खरवड त्याला रोज मीच घालायचे, परसात, "थांब, थांब" म्हणत.