व्याह्यांना नवी पेठ दाखवताना

२ फेब्रुवारी, रविवार
पुण्याहून जोतीरामरावांचा फोन. आमच्या अंकिताचे होणारे सासरे. पोरगी आणि त्यांचा अजिंक्य एकाच ऑफिसात, दोघांनी आपसात ठरवून टाकलंय. आम्ही मोठ्यांनी फक्त हो म्हणायचं. पुढच्या रविवारी सहकुटुंब येतायत. बोलता बोलता विचारतात, दिवसभर थांबणार आहोत, तर सोलापुरात बघण्यासारखं काय आहे, चादरी सोडून?
चादरी सोडून!
मी शांतपणे फोन ठेवला. ही म्हणते आपटला. त्या फोनची काच आधीपासूनच तडकलेली होती.
निश्चय : या माणसाला नवी पेठ आणि इंद्रभुवन असं दाखवायचं की परत गेल्यावर पुणं बारकं वाटलं पाहिजे. दुसरा निश्चय : चिडायचं नाही. तसा मी चिडत नाहीच. स्पष्ट बोलतो.

५ फेब्रुवारी, बुधवार
रिहर्सल. नवी पेठेत लोक खालची दुकानं बघतात, वरचे जुने सज्जे कुणी बघत नाही. याचा मला फार राग येतो. म्हणून मी वर बघत चाललो. एक इसम वाटेतच उभा. धडकलो. त्याला चांगलं सुनावलं. साडी नेसवलेला पुतळा निघाला. पण वाटेत उभा होता हे खरंच आहे.
आमच्या गल्लीतला रिक्षावाला लालसाब हे बघून हसत होता. त्याला विचारलं, रविवारी ही पेठ गाड्यांपासून मोकळी कशी मिळेल? म्हणाला, "चाचा, बाजार हाय की हा. मोकळा कशाला पायजे?" याच वृत्तीमुळे शहर मागे राहिलं.
तिथून महापालिकेच्या जुन्या इमारतीकडे. इंद्रभुवन. उन्हं उतरत होती. कमानी, खांब, दगडातली नक्षी, सगळं पिवळं झालेलं. बराच वेळ उभा राहिलो. कुणावर ओरडलो नाही. घरी आल्यावर हिने विचारलं, बरं वाटत नाही का?

८ फेब्रुवारी, शनिवार
अंकिता आली. माझा कार्यक्रम ऐकून घेतला. म्हणाली, बाबा, त्यांना जेवायला घालू, गप्पा मारू, पुरे की. मी तिला इतिहास समजावला. बँकेत कॅशियर असताना माझ्या खिडकीपुढची रांग कधी वाकडी झाली नाही, हेही सांगितलं. यावर ही आतून म्हणाली, "रांगंतली माणसं दुसऱ्या खिडकीला जायची, म्हनून."
दुर्लक्ष केलं. उद्या शांत राहायचं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार
सकाळी जोतीरामराव आणि त्यांच्या सौ. आले. अजिंक्य आदल्या दिवशीच मित्राकडे उतरलेला, तो परस्पर पेठेत भेटणार होता.
सुरुवात झकास. जोतीरामराव वर बघत होते. मी बोलत होतो. एका सज्ज्याखाली सगळ्यांचा फोटो काढायचा, जागा बुधवारीच हेरून ठेवलेली. बघतो तर बरोब्बर तिथंच एक मोटरसायकल, आडवी लावलेली. दुकानात विचारलं, कुणीच बोलेना. मी पाच मिनिटं थांबलो. किंवा दोन. मग अशा लोकांना कुणीतरी धडा शिकवायला पाहिजे असं जाहीर करून दोन्ही चाकांतली हवा सोडली. सोडता सोडता व्याह्यांना सांगितलं, ज्याला गाडी लावायची अक्कल नाही, त्याच्या आईबापांनी त्याला काय शिकवलं असेल?
शेजारच्या साडीच्या दुकानातून अजिंक्य बाहेर आला. हातात पिशवी. हेल्मेटही. गाडी मित्राची. पिशवीत हिच्यासाठी घेतलेली साडी.
जोतीरामरावांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि मागून गाडी ढकलायला लागले. पंक्चरवाला थेट पार्क चौकाच्या पुढे. बायका मागून चालल्या. मी कोट घेऊन सगळ्यात शेवटी. इंद्रभुवन बाजूला राहिलं.
चूक गाडी लावणाऱ्याचीच. हे मी जेवताना बोलणार होतो. हिने माझ्याकडे बघितलं. नाही बोललो.

१० फेब्रुवारी, सोमवार
काल ते गेल्यावर अंकिता खूप रडली. मी म्हणालो, एवढ्याशा हवेवरून कुणी लग्न मोडत नाही. तेव्हा ती म्हणाली, "मोडणारच होतं, बाबा. मी त्यांना सांगितलं, तुम्हाला बीपी आहे, गोळी चुकली की असं होतं."
मला! ज्याने आयुष्यात तापाचीसुद्धा गोळी घेतली नाही! मी उठलो. तिचे डोळे सुजलेले होते. बसलो.
जोतीरामरावांचा निरोप आलाय. काळजी घ्या म्हणतात. साखरपुडा तेवीसला. त्यांच्यासमोर गोळी घ्यायची असं मायलेकींनी ठरवलंय. व्हिटॅमिनची असेल. घेईन. पोरीसाठी. पण हा अपमान आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार
साखरपुडा. दोन वेळा सगळ्यांदेखत गोळी घेतली. जोतीरामरावांनी पाणी आणून दिलं. दिवसभर माझा हात धरून जिने चढवत होते. जेवणात मीठ कमी वाढायला सांगितलं. आचाऱ्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही.
अंगठ्या झाल्या. मग त्यांनी मला आहेर दिला. खोका. आत बीपी मोजायचं मशीन. लगेच दाखवतो म्हणाले आणि सगळे पाहुणे बघत असताना दंडाला पट्टा बांधला. ही पेढ्यांच्या ताटाकडे बघत राहिली. अंकिताचा चेहरा उतरला. मशीन घरघरलं.
एकशे अठरा, शहात्तर.
गोळीचा गुण, असं ही पटकन म्हणाली. जोतीरामरावांनी माझ्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, उलटी करून चष्म्याखालून वाचली. परत खिशात ठेवली. मग पट्टा सोडवता सोडवता माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "म्हणजे तुम्ही मुळातच असे आहात?"
अंगठी बघायला बायकांनी अंकिताला घेरलं होतं. ती त्यांच्या डोक्यांवरून आमच्याकडेच बघत होती.
मी म्हणालो, "व्हय."