अक्काच्या माइकात शिरलेला ड्रम

२६ एप्रिल, रवि.

स. सहाला गच्चीवरच्या खोलीत ड्रमसेटवरची चादर काढली. धूळ, दोन पाली. बेस ड्रमच्या पोटात सौ.ने दोन गोधड्या कोंबलेल्या. विचारलं तर म्हणे, "मोकळंच होतं की ते!" रूपाला पुण्याला फोन लावून तक्रार केली, तर लेक म्हणते, "राहू द्या पप्पा, रेकॉर्डिंगला आत गोधडी लागतेच." मायलेकी एक झाल्या.

रूपाने मला स्टेजवर कधी पाहिलं नाही. मी ऑर्केस्ट्रा सोडला (सोडला कसला, आमच्या मालकीण अक्काने काढला) त्यानंतर दोन वर्षांनी ती झाली. तिला ऐकवायचंय. खरं सांगायचं तर मलाच ऐकायचंय. तेव्हाचा तो आवाज, फक्त एकदा. गुडघा पेडल दाबतोय तोवर.

२८ एप्रिल, मंगळ.

पारसशेठकडे गेलो. मंडप-साऊंडवाला, ऐन लगीनसराई, बोलायला फुरसत नाही. म्हटलं, ड्रमसाठी माइक पाहिजे. "कितने?" एक. असा हसला की गल्ल्यावरचा चहा सांडला. "दिनूभाऊ, आजकाल आठ लावतात!" शेवटी चारांवर तोडपाणी झालं. बेस ड्रमसाठी जाडजूड एक, स्नेअरला, म्हणजे पुढच्या छोट्या ड्रमला, एक, आणि वरून टांगायचे दोन बारीक, नाजूक कंडेन्सर. "हे दोन पडले, तर समजा मीच पडलो," असं दोनदा बजावलं.

आमच्या वेळी मला माइकच नव्हता. होते ते गायकांना, निवेदकाला, ढोलकीला. मी मागितला की अक्का म्हणायची, "तुला कशाला? तुझं बडवणं तसंच जातं तिकडे भडगावपर्यंत." शालूअक्का, धुळ्याची. गायिका तीच, मालकीण तीच, टेम्पोत पुढे बसणार तीच. आज तिची इतकी आठवण का यावी कळत नाही.

३० एप्रिल, गुरु.

पहिलं रेकॉ. कूलर बंद ठेवावा लागतो, नाहीतर सगळ्यात घूं. सात वाजताच अंगाची आंघोळ झाली. रूपाने लॅपटॉप आणि माइक जोडायची पेटी पाठवलीय, ती कशीबशी जमली.

ऐकलं. सगळं स्वच्छ. इतकं स्वच्छ की जीव नाही. बेस ड्रम एकटा, स्नेअर एकटा, झांजा तर कुणी कानाशी पापड मोडतंय अशा. मध्येच सौ.चा आवाज, शेजारणीला, "अगं कुरडया उलटव, वाकड्या होतील." सगळ्यात चांगलं तेच आलंय.

१ मे, शुक्र.

माइक जवळ, लांब, तिरपे. स्नेअरचा वरून, मग खालून. कंडेन्सर एक काढला. जाडा बेस ड्रमच्या आत ढकलला, मग बाहेर ओढला. काही उपयोग नाही. वैताग. सौ. म्हणाली, "माणूस साठीचा आणि हट्ट सहा वर्षांचा." जेवलो नाही नीट.

२ मे, शनि.

सापडलं!!

भडगावच्या कार्यक्रमाची कॅसेट होती. मिक्सरमधून थेट भरलेली, म्हणजे माइकात जे आलं तेवढंच तिच्यात. माझ्या दुकानातला जुना टेप आणला (पाण्याच्या मोटारींची तार गुंडाळताना अजूनही तोच लावतो). आणि तो आवाज! माझा! भरलेला, लांबून आलेला, बेस ड्रम असा की पोटात लागतो. पण मला माइकच नव्हता, मग आला कुठून?

पाच वेळा ऐकलं. अक्का खोकताना माइकवर हात ठेवते, तिथे माझा ड्रम विहिरीत पडल्यासारखा होतो. ती बाजूला सरकली की झांजा टोचायला लागतात. परत मध्ये आली की गोड. म्हणजे माझा सगळा ड्रम अक्काच्या माइकातून गेलाय. तिच्या डोक्यामागून, तिला वळसा घालून.

आणि तिने मला काढलं ते नेमकं ह्याच कारणाने. बोदवडला, कार्यक्रम आटपून टेम्पो भरत होतो. "दिनू, तुना ड्रम मना माइकमा घुसस. माझा आवाज बुडतो रे. पुढच्या वेळेपासून ऑक्टोपॅड आणतोय आपण." त्या इलेक्ट्रॉनिक ऑक्टोपॅडचा आवाज वायरीतून जातो, माइकात शिरत नाही. मी भडकलो. सगळ्यांदेखत म्हणालो, "तुमचा गळा बसलाय अक्का, ड्रमला कशाला नावं ठेवता!" ती टेम्पोत पुढे जाऊन बसली. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

तिचं खरं होतं. शिरतच होता.

३ मे, रवि.

पारसशेठचे चारही माइक परत केले. म्हटलं, गायचा साधा दे, गोल जाळीचा. "भाऊ, तब्येत बरी ना?" बरी.

माइक ड्रमपासून दहा-बारा फुटांवर, अक्का उभी राहायची तिथे. ऐकलं तर झांजा टोचतात. मध्ये डोकं हवं. म्हणून स्टुलावर स्टूल आणि त्यावर माठ ठेवला, माइकच्या पुढ्यात, ड्रमकडे पाठ (माठाला पाठ असते का!). वर उशी बांधली. सौ. पाणी प्यायला वर आली आणि दारातच बसून हसली, पदर डोळ्यांना. "नमस्कार करू का अक्काला?"

माठाने आवाज थोडा गोड झाला, पण माठाचंच आपलं बुं बुं मध्ये येतंय. पाणी भरून पाहिलं. मग स्टूल हललं. पुढचं लिहीत नाही.

४ मे, सोम.

नवा माठ आणला.

सौ.ला उभं केलं. माइक हातात, पाठ माझ्याकडे. जवळ आलं बरंचसं! पण ती बुटकी पडते, आणि हालते, आणि दर दोन मिनिटांनी "झालं का?" तिसऱ्यांदा माइक खाली ठेवला आणि वळली. "अहो, मी अक्का नाही. मला उगाच उभं करू नका. फोन करा तिला."

मी म्हटलं, माझ्याकडे नंबर नाही. तर हिच्याकडे आहे! दर दिवाळीला दोघी बोलतात. इतकी वर्षं. मला पत्ता नाही. रागावणार होतो, पण कुठल्या तोंडाने?

६ मे, बुध.

काल दिवसभर टाळलं. आज दु. दुकानातून लावला.

"कोण?"

"दिनू. ड्रमवाला."

"जित्ता शे का रे?"

मी पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, अक्का, तुमचं बरोबर होतं, ड्रम माइकात शिरत होता, कॅसेट ऐकली. आणि मला तोच आवाज परत पाहिजे, तुम्ही नुसतं उभं राहायला याल का, गायचं नाही, काही नाही. बोललो आणि मलाच कसंतरी वाटलं. जिचा आवाज बुडवला तिलाच सांगतोय, ये आणि गप्प उभी राहा.

तिकडून हसू. "मंदीले सांग, शेवभाजी कर. मी रविवारी येस." मंदी म्हणजे आमची सौ.

१० मे, रवि.

आली. पहिल्या गाडीने, ऊन चढायच्या आत. बारीक झालीय, केस पांढरेफेक, पण जिना चढताना कठड्याला हात लावला नाही. सौ. आणि ती गळ्यात पडल्या. मी आपला माइकची वायर गुंडाळत उभा.

वर खोलीत विचारलं, "कुठे?" मी खुणेची विटकर दाखवली. उभी राहिली, माइक हनुवटीशी धरला, पाठ माझ्याकडे. ती पाठ बघून माझे डोळे भरले, सरळ लिहितो. किती गावं मी त्या पाठीमागे वाजवलं.

वाजवलं. पहिलं रेकॉ. ऐकलं. तोच! अगदी तोच! सौ.ला ओरडून बोलावलं.

दुसऱ्यांदा वाजवत होतो तर अक्का गायला लागली. ठरलं नव्हतं. आवाज चिरका झालाय, वरच्या सुराला तुटतो, पण जागा सगळ्या तिथल्या तिथे. मी वाजवत राहिलो.

मग तिघांनी बसून ऐकलं. ती गाते तिथे तिथे ड्रम खाली गेलाय. झांजा तर नुसत्या टेकवलेल्या. ती थांबली की परत भरून येतो. मी ठरवून नाही केलं. हात आपोआप गेले.

अक्काने पूर्ण ऐकलं. चष्मा काढला. म्हणाली, "इतलं हळू वाजाडता येस तुले. मग तव्हय काबर नही वाजाडं रे?"

रागाने नाही. तेव्हा का नाही वाजवलं, हे खरंच विचारलं. मी म्हटलं, शेवभाजी गार होतेय.

सं. ऊन उतरल्यावर गाडीत बसवून दिली. खिडकीतून हात केला. परत नाही विचारलं.

१२ मे, मंगळ.

येत होतं. तेव्हाही हळू वाजवता येत होतं. टाळ्या तिला पडायच्या, नाव तिचं घ्यायचे, मी मागे घामाघूम. म्हणून तिच्या वरच्या सुराला मी मुद्दाम जोर लावायचो. माइक नाही देत ना, मग घे. कुणाला कधी बोललो नाही, सौ.लाही नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

परवाचं दुसरं रेकॉ. काल रूपाला पाठवलं. आज तिचा मेसेज: "पप्पा, किती सुंदर! त्या बाई गायला लागल्या की तुम्ही किती सांभाळून घेता त्यांना. पूर्वी पण असंच वाजवायचात ना? कोण आहेत त्या?"

उत्तर लिहायला घेतलं. "बेटा, असं मी पहिल्यांदाच वाजवलं." तेवढंच लिहिलं, आणि पाठवलं नाही. हे आधी अक्काला सांगायला पाहिजे, आणि तिच्यासमोर बसून. रविवारी पहाटेची धुळे गाडी आहे. सौ.ला अजून बोललो नाही. हिंमत रविवारपर्यंत टिकते का बघू.