भर दुपारचे पाहुणे

तकोवा, गव्हाच्या कापणीचा महिना, चौथा दिवस

धाकटे इस्का,

तू, तुझं घर, तुझी शेरडं-करडं सुखरूप असोत. इकडे सगळं ठीक. पीक बरं आहे, तुझे भावजी पाठ धरून बसलेत. मी सांगतेय आणि म्हातारा अख्बोर लिहितोय. कुरकुरतोय, "बाई, एवढं एका खापरावर मावायचं नाही." म्हटलं, दुसरं घ्या, फुटक्या मडक्यांना काय तोटा?

परवा भर उन्हात तीन पुरुष दाराशी आले. कुत्रंही सावली सोडत नाही अशी वेळ! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्या मूळपुरुषाच्या तंबूत असेच देवाचे तिघे निरोपे आले होते आणि पुढल्या वर्षी याच वेळी त्याच्या म्हाताऱ्या बायकोला मुलगा होईल असं सांगून गेले. माझी कूस अठरा वर्षं रिकामी, तुला ठाऊकच आहे. पाहुणा जेवेपर्यंत त्याला नाव विचारायचं नाही हा आपला रिवाज. मी कशाला विचारतेय! पाय धुवायला पाणी दिलं आणि गोठ्यातलं एकुलतं एक वासरू कापायला लावलं. भावजी म्हणाले, "वेडी का खुळी तू?" म्हटलं, "मग देवाच्या माणसांना काय मसूर वाढू?"

जेवले बाई ते! हाडं चोखून जेवले. मी कान टवकारून उभी, आता म्हणतील, 'पुढल्या वर्षी याच वेळी...' थोरला तोंड पुसून म्हणाला, "ताई, मीठ जरा कमी पडलं. आम्हाला कळतं, मीठवालेच आहोत. खाऱ्या समुद्राकाठच्या एन-गेदीहून आलो." तुझे भावजी इतके हसले की पाठ दुखायची थांबली.

इथवर सांगून मी पाणी प्यायला उठले. अख्बोर विचारतो, "झालं?" नाही झालं.

मी कणीक मळत असताना दाराशी कुणी बाई आली होती. मी मानही वर केली नाही. ओरडले, "आज नको गं बाई, घरात थोर पाहुणे आहेत. जा पुढे." ती आल्या पावली परत गेली.

मीठवाले निघताना म्हणाले, "हे घर आम्हाला वाटेत एका बाईनं सांगितलं. पोटुशी होती, सातवा महिना असेल. म्हणाली, माझ्या बहिणीचं घर आहे, तिथून कुणी उपाशी जात नाही. तुम्ही व्हा पुढे, मी येते हळूहळू."

मी अनवाणी धावले गं. विहिरीपर्यंत, वेशीपर्यंत. तू नव्हतीस.

सहा वर्षांमागे तू परजातीच्या मवाबी माणसाशी लग्न केलंस, तेव्हा 'माझा उंबरा चढू नकोस' असं मीच बोलले होते. तरी तू तसल्या अवस्थेत डोंगर चढून आलीस, आणि परक्यांपुढे माझ्या घराची थोरवी सांगितलीस. देवाचा निरोप्या बाळाची बातमी आणतो म्हणतात. बातमी आली होती, दारापर्यंत आली होती, आणि मी तिला घोटभर पाणी विचारलं नाही. चुकले मी.

पण रडत बसणारी मी नव्हे. भावजी म्हणाले, "निरोप धाड, बोलावून घे तिला." म्हटलं, ती येऊन गेली, आता जायची पाळी माझी. मीठवाले ही खापरं घेऊन आज तुझ्याच गावावरून परत निघालेत, मी परवा निघते. तुझं बाळंतपण मीच करणार. तुझ्या नवऱ्यानं वाढलेली भाकर त्याच्याच ताटात खाईन, नाक मुरडणार नाही.

तुझ्या दारात धुळीनं माखलेली एक बाई उभी राहील. एकदा मान वर करून तिचं तोंड बघ. आत घ्यायचं की नाही, ते मग ठरव.

तुझ्या उंबऱ्याबाहेर थांबलेली,
होग्ला