दिनूची गाडी, पिवळा दिवा

ता. १० फेब्रु., सोम.
आलं ते: तूरडाळ २ किलो, ३०० रु. वाती १ पुडी, २०. नारळ १, ४०. गाडीचा ऑक्सिजन सेन्सर १, ३४००. बसवायची मजुरी ६००.

शेवटच्या दोन रकमा लिहिताना हात जड झाला. ऑक्सिजन हा शब्द करोनात ऐकलेला, तो गाडीलाही लागतो हे आज कळलं. गॅरेजवाला शेठ म्हणाला, "काकी, सायलेन्सरच्या नळीत हा सेन्सर असतो, धूर तपासतो. त्याच्या पोटात हीटर असतो, तो गेलाय." धुराच्या नळीत हीटर! आमच्या मोरीत गिझर नाही.

शेठने गाडीला कॉम्प्युटर लावला, त्यात हीटरचं नाव आलं, झालं. बाकी काही उघडून बघितलं नाही. जुना सेन्सर मागून घेतला तेव्हा हसला. हसू दे. पैसे आम्ही भरलेत.

असो. इंजिन बिघडल्याचा पिवळा दिवा विझला. पाच मार्चला अंबाडीहून, भावाकडून, आईला आणायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे, मग महिनाभर माझ्याकडे. आतली खोली पुसून ठेवली. जप पूर्ण.

ता. १२, बुध.
काल्हेरहून येताना खड्ड्यांत गाडी आपटली आणि पिवळा दिवा परत. डॅशबोर्डच्या वर ह्यांनी बसवलेला विजेचा गणपती हिरवागार, खाली हा पिवळा. मी दोघांनाही हात जोडले.

हे भडकले. शेठवर नाही, दिनूवर! गाडी दिवाळीत त्याच्याकडून घेतली ना. रस्त्याकडेला उभी करून तिथूनच फोन. "भंगार गळ्यात मारलंस माझ्या." माझ्या धाकट्या भावाचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता. "दाजी, माझ्याकडं एकदा पण लागला नाय तो दिवा. आधी फ्यूज बघा, सेन्सर नंतर."
"आता तू मला शिकवणार? विकून मोकळा झालास."
पुढे बाबांवरून एक शब्द बोलले. तो इथे लिहीत नाही.
 दिनू म्हणाला, "बरं. आईला ऑपरेशनला मी ठाण्याला नेतो. तुमची गाडी नको." फोन ठेवला.

आई माझी, भाऊ माझा. मला कोणी विचारलं?

ता. १४, शुक्र.
दिनू फोन उचलत नाही. त्याच्या बायकोचा मेसेज: ताई, मला मध्ये घेऊ नका.

शेठकडे एकटी गेले. म्हणतो, आता नळीतला मागचा सेन्सर पण बदलू. "पुढचा गेला की मागचा जातोच, काकी." का, सती जातो का? फ्यूज बघा म्हटलं. "फ्यूज ठीकच असणार." असणार! बघितला का? नाही. निघून आले.

जप अर्धा. राग धरून माळ ओढायची म्हणजे नुसतं...

ता. १६, रवि. संकष्टी
पडघ्याला साखरपुडा होता. हायवेला रफीकभाई इलेक्ट्रिशियनचं दुकान दिसलं. मी म्हटलं, इथे थांबवा, नाहीतर मी उतरून एस.टी.ने जाते. थांबवली.

त्याने सेन्सरचा प्लग काढून तिथे टेस्टचा बल्ब लावला. पेटला. फ्यूजच्या डब्यावर टिचकी मारली, विझला. परत टिचकी, पेटला. "ये देखो भाभी, गड्ढा आया, करंट गया. हीटर बेचारा क्या करेगा?"

पिशवीतला जुना सेन्सर दिला. मीटर लावून म्हणाला, "ये तो जिंदा है. नया किसने डलवाया?" मी ह्यांच्याकडे बघितलं. हे ट्रक बघत होते.

मग डबा उघडला. फ्यूजच्या पायाशी कोणीतरी एक बारीक वायर खुपसलेली, त्याने पकड ढिली पडलेली. रफीकभाई वायरच्या मागे मागे आत आला, डॅशबोर्डपर्यंत. थेट गणपतीच्या पाटाखाली.

 हे म्हणाले, "तुझ्यासाठीच बसवला होता."

देवाने वीज मागितली नव्हती. मीही नाही. दिवाळीच्या पाडव्याला स्वतःच जाऊन बसवून आणला, आणि शिव्या खाल्ल्या दिनूने.

पकड नवीन बसली, वायर निघाली. "बाप्पा को अलग लाइन दूँ?" नको म्हटलं. बाप्पाला चालतो अंधार. १५० रु. चंद्र बघून उपास सोडला. 

ता. १८, मंगळ.
त्याच खड्ड्यांतून जाऊन आलो. दिवा नाही.
"आता करा दिनूला फोन."
"माझा नंबर बघून उचलणार नाही."
"माझ्यावरून करा."
"तुझा तरी कुठे उचलतो?" वर हसले! जिंकल्यासारखे.

पोस्टात जाऊन कार्ड आणलं. कार्ड कट करता येत नाही.

ता. १९, बुध.
काल रात्री सगळं लिहिलं. सेन्सर, फ्यूज, वायर, गणपती. खालच्या दोन ओळी ह्यांच्यासाठी मोकळ्या सोडल्या, वर पेन ठेवलं.
वाचून म्हणाले, "एवढं सगळं कशाला? पोस्टमन वाचतो."
"वाचू दे. रस्त्यावर ओरडताना लोक ऐकत नव्हते?"
चष्मा लावला, काढला. "बघू सकाळी."

सकाळी पूजा करून पाहिलं. पेन हललेलं, टोपण काढलेलं. ओळी कोऱ्या. हे अंघोळीला गेलेले, नेहमीपेक्षा लवकर.

पेटीतली पत्रं निघायच्या आत कार्ड टाकायचं होतं. मीच लिहिलं: दिनू, ही जागा तुझ्या दाजींसाठी ठेवली होती. खोली पुसलेली आहे. आईला आणायला येऊ की नको, ते उलट टपाली कळव.