उरलेल्या गोळ्या

मंगळवार, दिवेलागण

ह्यांना आज रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात ठेवलंय. चूक माझी. पोटातल्या जखमेवरच्या ह्यांच्या गोळ्या चौदा दिवसांच्या होत्या. सातव्या दिवशी ह्यांची पोटदुखी थांबली, तशी उरलेली पाकिटं मी जावेला दिली. तिचंही पोट दुखायचं. आपल्यात देतातच की.

नर्स असलेली लेक चिडली. "आये, बाबांना जखम करणारे जंतू पोटातल्या आंबटातही तगतात. आंबटानं त्यांच्या अंगातलं वाकडं झालेलं सरळ करतात, सुधारत न्हाय ते तोडून त्याचंच नवं करतात. तू गोळ्या अर्ध्यावर बंद केल्यास, म्हणून उरलेले जंतू पुन्हा वाढले, जखम चिघळली."

म्हणजे आमचे हे मासळीचं जाळं शिवतात तसंच. कुजलेलं कापायचं, फाटलेलं सांधायचं. ह्या मेल्या जंतूंना कुणी शिकवलं?

गाडीत घालताना हे म्हणाले, "जाळ्यातली सुई काढू नको गं, येऊन पुरं करतो."

जाळं ओटीवर पडलंय. सुई काढली नाही मी.