शहादेवमामांचा रेडिओ आणि आमच्या गॅलरीतली गुढी

परळी वैजनाथ,
सोमवार, ३१ मार्च २०२५, सकाळी सात वाजून दहा मिनिटे.
(कालच्या गुढीच्या तांब्याला गुंडाळलेली तार सोडवत होतो. ती तशीच ठेवून लिहायला बसलो आहे.)

तीर्थरूप शहादेवमामांना नाथाचा वाकून नमस्कार. तुम्हाला अक्षर दिसत नाही म्हणून हे पत्र मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या धनश्रीवहिनींनाही नमस्कार. तुमचा गुडघा, म्हैस आणि दादाचा ट्रॅक्टर ठीक असतील अशी आशा आहे. डोळ्यांचे विचारत नाही, कारण विचारले की तुम्ही चिडता. (वहिनी, कंसातले मामांना वाचून दाखवायचे नाही. वरचा कंस वाचला असेल तर असू द्या, इथून पुढे नको.)

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिनाभर माझ्याकडे राहायचे ठरले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आधी रेडिओ जाऊ दे. तो तितं रमला तर मी येतो." मुलगी द्यायच्या आधी घर बघायला माणूस पाठवावा तसा तुम्ही रेडिओ पाठवला. मी तो एसटीत मांडीवर घेऊन आणला. पण मामा, सिरसाळ्यात तुमची तार घराच्या पत्र्यापासून लिंबाच्या शेंड्यापर्यंत जाते, म्हणून तुमचे ते परदेशातले हिंदी केंद्र ओसरीवर बसून बोलल्यासारखे येते. इथे चारी बाजूंनी सिमेंट आणि सळई. शॉर्टवेव्ह लावले की आधी लिफ्ट ऐकू येते, मग शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर, मग सगळ्या मजल्यांवरचे एलईडी दिवे. केंद्र बिचारे या सगळ्यांच्या मागे रांगेत उभे असावे.

बाहेर तार काढावी तर आमच्या सोसायटीत ते चालत नाही. गच्चीला कुलूप आहे. गॅलरीत दोरी, डिश, कुंडी, वाळत घातलेला टॉवेल, काहीही दिसता कामा नये. अध्यक्षा चंद्रभागाबाई मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका होत्या, त्यामुळे निवृत्त झाल्या तरी रोज संध्याकाळी खाली उभ्या राहून गॅलऱ्यांची हजेरी घेतात. त्यात मी भाडेकरू. मला खोकायचीसुद्धा परवानगी घ्यावीशी वाटते.

शेवटी माझा मित्र अशफाक (जळालेल्या मोटारी आणि पंख्यांत नवी तार भरून देतो, तुम्ही त्याला ओळखता) याला विचारले. तो म्हणाला, "रेडिओला तार पायजे, परवानगी न्हाई. डरतो कावून बे?" त्याने पंख्यात भरायची बारीक तार दिली. ती मी गॅलरीत या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत ताणली. खालून अजिबात दिसत नव्हती. पण दुसऱ्याच दिवशी चंद्रभागाबाईंना माझ्या गॅलरीत एक चिमणी अधांतरी बसलेली दिसली. तार उतरली.

मग अशफाकने सायकलच्या जुन्या रिंगला तारेचे वेढे दिले. ही अँटेना घरातच चालते, फक्त केंद्राच्या दिशेने फिरवावी लागते. फिरवत फिरवत केंद्र सापडलेही, पण मी पलंगावर उभा राहून रिंग डोक्यावर धरली तरच. डोळ्याला पट्टी बांधून तुम्हाला हे जमले नसते. (मला रोज रिंग धरून उभे राहता आले असते वहिनी, पण माझ्या रात्रपाळीला कोण जाणार?)

इतक्यात पाडवा आला. गुढीला सोसायटीची हरकत नाही. गुढीची काठी किती उंच असावी हेही नियमांत नाही, मी दोनदा बघून घेतले. अशफाकचा शेवटचा रोजा होता, तरी उन्हात बसून त्याने तारेची टोके ब्लेडने खरवडली. वर तांब्याचा तांब्या, साडीच्या आतून तार, तार थेट रेडिओला. मामा, काय सांगू, बातम्या सांगणाऱ्याचा श्वास ऐकू येत होता!

पण श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम रविवारी संध्याकाळी सातला, आणि गुढी उतरवायची दिवस मावळायच्या आत. मी उतरवली नाही. कार्यक्रम सुरू झाला आणि सात वाजून पाच मिनिटांनी चंद्रभागाबाई हळदीकुंकू घेऊन दारात. "नाथा, दिस बुडाला! माझ्या नियमाचं सोड, बापजाद्यांच्या नियमाचं तरी काही हाय का न्हाई?" मी म्हणालो, उतरवायचा मुहूर्त उशिराचा आहे. "उतरवायला कुठला आलाय मुहूर्त रं?" असे म्हणून त्यांनी गॅलरीत येऊन स्वतःच काठी आडवी करून तांब्याला हात घातला. काठी आडवी झाल्यावर सुरू झालेली खरखर त्यांचा हात लागताच थांबली आणि आतून माणूस स्वच्छ बोलू लागला. हात काढला की खरखर, हात लावला की माणूस. त्यांनी चारदा हात लावून बघितला. मी काय शिक्षा होईल याचा विचार करत होतो. आणि पाचव्यांदा हात लावला तेव्हा तो माणूस म्हणाला, "सिरसाला, जिला बीड, महाराष्ट्र से शहादेव जी लिखते हैं..."

होय मामा. चाळीस वर्षे तुम्ही पत्रे पाठवून दर रविवारी वाट बघितली आणि नाव आले ते नेमके तुमचा रेडिओ माझ्याकडे असताना. मला रात्री झोप लागली नाही. त्यांनी तुमचे पत्र वाचले, तुमच्या प्रश्नाचे उत्तर दिले. कार्यक्रम संपेपर्यंत चंद्रभागाबाई गुढी खांद्याला टेकवून, तांब्या धरून उभ्या होत्या. नंतर मी तुमच्या येण्याचे सांगितले तेव्हा म्हणाल्या, "मामा हितं हायेत तवर तार राहू दे. चिमण्या बसल्या तर मी बघते."

उत्तर काय दिले ते मी लिहिणार नाही. गुरुवारी संध्याकाळी सातला तोच कार्यक्रम पुन्हा लागतो. तुमच्या कानांनी ऐका.

तुमचा भाचा,
नाथा

ता. क. अशफाक ईदसाठी थोरल्या बहिणीकडे, शाईस्ताआपाकडे, सिरसाळ्याला येतो आहे, पत्र त्याच्याच हाती देतो. बुधवारी त्याचा टेम्पो परत निघेल, त्यात पुढच्या सीटवर बसून या. रेडिओ मी परत पाठवणार नाही. तो रमला आहे.

ता. क. दुसरा. (वहिनी, हा फक्त तुमच्यासाठी. मामांचा प्रश्न असा होता: मोतीबिंदू काढताना डोळा उघडा ठेवतात का, आणि भीती वाटते असे घरी सांगितले तर पोरे हसतील का? पत्र त्यांनी स्वतःच लिहिले असावे, कारण ओळी एकमेकींवर चढल्या आहेत असे तो माणूस म्हणाला. डॉक्टरांची वेळ मी शुक्रवारची घेतली आहे. चंद्रभागाबाईंचे दोन्ही डोळे झाले आहेत, त्या मामांशेजारी बसणार आहेत. मामांसमोर तुम्हाला यातले काही माहीत नाही. आणि दादाला सांगा, टेम्पोत बसवताना कुणीही हसायचे नाही.)